रंध्याच्या तोंडातला माड

रंध्यालाही तोंड असतं, हे मला सुमतीताई मेस्त्रींकडून कळलं. तळाला जी आडवी फट असते, जिथून पात्याची धार बाहेर डोकावते आणि लाकडाच्या ढलप्या आत शिरून वर येतात, ती फट म्हणजे रंध्याचं तोंड. सुमतीताई दातांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे त्या हा शब्द अगदी मनावर घेत. कुणी जुना रंधा घेऊन बोर्लीच्या त्यांच्या दवाखान्यात आलं, की त्या तो उलटा करून खुर्चीवरच्या दिव्याखाली धरत, दात तपासायचा छोटा गोल आरसा त्या फटीत घालत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "हं, आ कर."

त्या गेल्या त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. तो आरसा माझ्या टेबलावर, पेनांच्या पेल्यात उभा आहे.

मी समोरच्या शाळेत ग्रंथपाल होते. शाळेचं वाचनालय आणि त्यांचा दवाखाना यांच्यामध्ये फक्त रस्ता. मधल्या सुट्टीत त्या खिडकीतून हाक मारत, "वाचनालय, चहा झालाय." त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मीही त्यांना डॉक्टर म्हटलं नाही. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, म्हणून ताई. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज असा की मासळीबाजारात उभ्या राहिल्या तर कोळणी वळून बघत. साडी चापून नेसलेली, केसांचा घट्ट आंबाडा आणि चष्मा कायम कपाळावर. स्वतःच्या मताबद्दल त्यांना शंका अशी क्वचितच येई. आली तरी ती त्या मोठ्याने बोलून दाखवत, म्हणजे तीही ठामच वाटे.

गावात त्यांच्या या नादाबद्दल चेष्टा चालायची. दिघीच्या फेरीबोटीवर काम करणारे हसनचाचा एकदा दाढ काढायला आले होते. तोंड बधिर करून, आत कापूस घालून ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि तेवढ्यात म्हसळ्याहून एक सुतार पिशवीत रंधा घेऊन आला. ताईंनी दिवा चाचांच्या तोंडावरून फिरवून रंध्यावर नेला आणि पाचर, पातं, तळ असं एकेक सांगत बसल्या. चाचा आ वासून वाट पाहत होते. शेवटी त्यांनी स्वतःच कापूस बाहेर काढला आणि म्हणाले, "बाई, पहिला माझा नंबर होता. त्या लाकडाला दुखत नाय."

ताई म्हणाल्या, "तुम्हालाही आता दुखत नाहीये. गप्प बसा."

पण ते पुढची कित्येक वर्षं बोटीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, बोर्लीला दात दाखवायला जाल तर सोबत एखादं लाकूड न्या, लवकर नंबर लागतो.

या नादामागे एक कारण होतं आणि ते ताईंनी कधी लपवलं नाही. त्यांचे वडील दिघीच्या खाडीवर मचवे बांधणारे मेस्त्री. आडनाव आणि धंदा एकच. ताई लहान असतानाच ते तापाने गेले. काकांनी हत्यारांची पेटी बोर्लीच्या बाजारात नेऊन एकेक करून विकली. करवती, पटाश्या कुठे गेल्या याचं ताईंना काही वाटत नसे. हवा होता तो एक रंधा. वडिलांनी स्वतः बाभळीच्या ठोकळ्यातून केलेला. वापरून वापरून त्याचं तोंड रुंदावलं, ढलप्या फाटायला लागल्या, तेव्हा फटीच्या पुढच्या कडेला नवा तुकडा बसवायचा होता. सुतार अशा वेळी शिसवी किंवा खैर घालतात. पण छोटी सुमती दारातल्या पडलेल्या माडाच्या बुंध्याचा एक तुकडा घेऊन बापाकडे गेली, आणि हाच बसव म्हणून हटून बसली. काळे ठिपके असलेलं ते लाकूड तिला आवडलं होतं. बापाने तो घासून, उभा करून, खरोखरच रंध्याच्या तोंडात बसवला.

ही त्यांची आठवण. तिच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ दत्तू, पनवेलला असतो, तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "ताई, माड कोण घालतं गं रंध्यात? तंतू सुटतात त्याचे. बाबांनी तुझी समजूत घातली असेल आणि मागनं खैराचा बसवला असेल." आलेला प्रत्येक सुतारही तेच सांगे. ताई ऐकून घेत आणि म्हणत, "घातला होता." एवढंच. वडिलांचा फोटोही घरात नव्हता. चेहरा आठवत नाही, असं त्या सरळ सांगत. आठवत होतं ते एवढंच, की एका शहाण्या मेस्त्रीने आपल्या मुलीच्या हट्टापायी एक वेडी गोष्ट केली. ती खरी की आपणच रचलेली, हे त्यांना त्या रंध्याच्या तोंडात बघायचं होतं. त्यासाठी त्या तालुकाभर रंधे उलटे करत होत्या. बाकीची विद्या त्या शोधात जमत गेली.

आणि ती विद्या पक्की होती. लाकडी रंधा आला की त्या आधी त्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने टिचकी मारत. पाचर सैल होऊन पातं सुटलं की ते बाजूला ठेवत आणि त्यावर रुमाल टाकत. लोक पात्यावरचा विलायती शिक्का बघून हरखतात, म्हणून हा रुमाल. त्यांचं म्हणणं, पातं हे बाहेरून आलेलं असतं. झिजलं की दुसरं येतं. वय बघायचं ते अंगाचं. वरच्या कडा हाताने रुंद उतरवल्यात की यंत्राने बारीक, कडेचा उतार संपतो तिथे नखासारखी खूण आहे का, पुढच्या टोकावर बनवणाऱ्याचं नाव ठोकलंय का, आणि त्याखाली बारीक अक्षरांत मालकांची नावं किती. मग रुमाल काढून पातं. एकटं असेल तर जुन्या तऱ्हेचं. त्यावर ढलपी मोडणारं दुसरं पातं स्क्रूने बसवलेलं असेल तर नंतरचं. लोहाराने ठोकलेलं पातं वर पातळ आणि धारेकडे जाड असतं. कारखान्यातलं सगळीकडे सारखं.

लोखंडी रंध्यांना त्या "नोकरदार" म्हणत, कारण त्यांच्या अंगावर सगळी माहिती छापलेली असते. दिवेआगरच्या अक्षयने एक आणला होता. त्याचं समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर होमस्टे आहे आणि त्याला तो रंधा दर्शनी भिंतीवर लावायचा होता, खाली पाटी: दीडशे वर्षांपूर्वीचा. ताईंनी त्याला खुर्चीत बसवलं, जणू त्याचाच दात काढायचा आहे, आणि दाखवत गेल्या. पुढची गोल मूठ उंच आहे. जुन्यांची ठेंगणी असते. पातं डावी-उजवीकडे कलवायची ही दांडी सुरुवातीच्या रंध्यांना नव्हतीच. पात्याच्या बैठकीमागे ओतीव अक्षरं असतात, ती इथे घासून काढलीत. मागची मूठ शिसवी दिसते, पण नखाने खरवड, रंग निघतो.

"म्हणजे नकली?" अक्षयचा चेहरा पडला.

"नकली कशाला? पातं विलायती, अंग देशी, मूठ कालची. तुझ्या आजोबांनी जे मिळेल ते जोडून काम केलं. लाव भिंतीवर. खाली लिही, आजोबांचा रंधा. त्यात काही कमी आहे का?"

त्याने तसंच लिहिलं. पाहुणे अजून त्याचा फोटो काढतात.

चुकल्याही त्या. एकदा रुंद कडा, एकेरी पातं, नखाची खूण, सगळं बघून त्यांनी एक रंधा फार जुना असल्याचं जाहीर केलं. ज्याने आणला होता तो म्हसळ्याचा सुतार खाली मान घालून हसत राहिला. शेवटी म्हणाला, बाई, गेल्या गणपतीनंतर मीच केलाय. माझ्या आजाने शिकवला तसा. ताईंनी तो पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. मग त्यांनी तो रंधा त्याच्याकडून मागून घेतला, दवाखान्यात औषधांच्या कपाटावर ठेवला आणि प्रत्येकाला दाखवू लागल्या. म्हणत, "हा नवा आहे. हात जुना आहे. मी हाताचं वय सांगितलं." आपली चूकही त्या अशी मांडत की ऐकणाऱ्याला ती विद्येचा पुढचा धडा वाटावी.

त्यांचं खरं भांडण मात्र चिंचेशी होतं. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पुजायची म्हणजे आधी लख्ख करायची. घरोघरच्या बायका वर्षातून एकदा पोटमाळ्यावरचा रंधा खाली काढतात आणि देवाची भांडी घासावीत तशा चिंच आणि राख लावून घासतात. पितळ चमकतं, पात्यावरचा शिक्का पुसट होतो, पुढच्या टोकावरची नावं गुळगुळीत होतात. ताई नवरात्रात स्कुटीवरून फिरून बायकांना विनवत, रागावत. देवासमोर ठेवायच्या आधी त्याचं वय कशाला पुसता, म्हणत. बायका हो म्हणत आणि त्यांची पाठ फिरली की घासत.

पण याच खंडेनवमीने त्यांना एक गोष्ट दिली, जी कुठल्याही देशातल्या रंधे ओळखणाऱ्याला ठाऊक नसेल. पूजेचं हळदकुंकू रंध्याच्या तोंडात सांडतं. बाहेरून कितीही घासा, आतल्या कोपऱ्यात, पाचरीच्या खाली, चिंच पोचत नाही. तिथे ते तेलात भिजून चिकटतं. वर्षाचा भुसा त्यावर बसतो, पुढच्या वर्षी पुन्हा कुंकू. दातांवरचं कीटण काढायच्या टोकदार हत्याराने ताई तिथे अलगद खरवडत, आणि लाल, काळा, पिवळा, पुन्हा लाल असे पापुद्रे दिसत. त्यावरून त्या सांगत, रंधा या घरात किती काळ आहे. त्यांनी नियमच केला: रंध्याला दोन वयं असतात. एक जन्माचं आणि एक घरातलं.

या नियमाने त्यांनी एक तंटाही सोडवला. बोर्लीतल्याच एका घरी पनवेलहून एक गृहस्थ आले. त्या घरातल्या रंध्यावर आपल्या आजोबांचं नाव ठोकलंय, तेव्हा तो आपला, असं त्यांचं म्हणणं. घरातली सून द्यायला तयार नव्हती. दोघंही ताईंकडे आले. ताईंनी नाव वाचलं, आरसा घातला, खरवडलं, आणि गृहस्थांना आत बघायला लावलं. "नाव तुमच्या आजोबांचं आहे, शंका नाही. कुंकू हिच्या सासूचं आहे, आजेसासूचंही असेल. जिथलं कुंकू जास्त, तिथला रंधा." गृहस्थ रागाने निघून गेले. मी नंतर म्हटलं, ताई, त्यांनाही वाटलं असेल हो काहीतरी, आजोबांचा आहे. त्या म्हणाल्या, "वाटणारच. मला काय कळत नाही? पण नियम म्हणजे नियम."

वादळाच्या वर्षी आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. सुपाऱ्या एकावर एक, माड मुळासकट. कौलं उडाली, पोटमाळे उघडे पडले आणि लोकांना विसरलेल्या वस्तू अंगणात वाळत घालाव्या लागल्या. त्यानंतर काही वर्षं रंधे येतच राहिले, भिजलेले, फुगलेले, तडकलेले. ताई तेव्हा सत्तरीला आल्या होत्या आणि त्यांनी दात काढणं थांबवलं होतं. पण दवाखाना उघडा ठेवत. आत फक्त रंधे तपासले जात. बाभळीचे पुष्कळ आले. तोंडात तुकडा बसवलेलेही आले. शिसवी, खैर, एकदा शिंगाचा. माड कधी नाही.

शेवटचा रंधा बघायला मी सोबत होते. गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी. दिवेआगरला नलूवहिनीचं घर. वादळात अर्धी वाडी गेली म्हणून तिने माजघराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी करायला काढल्या होत्या. पोटमाळा रिकामा करताना रंधा निघाला आणि तिने निरोप धाडला. स्कुटी ताईंनीच चालवली. मला त्या मागे बसवत, कारण मी चालवताना फार विचार करते, असं त्यांचं मत होतं.

ओसरीवर नलूवहिनीची सासू बसली होती, पाय पसरून, सुपारी सोलत. रंधा जोत्यावर ठेवलेला. बाभळीचा, तळ तेलाने काळा कुळकुळीत. ताईंनी पाचर सोडवली, पात्यावर रुमाल टाकला, आणि मला टॉर्च धरायला सांगून आरसा आत घातला.

त्यांनी आरसा एकाच जागी धरून ठेवला. एरवी त्या तो फिरवत एकेक सांगत राहत, म्हणून मी वाकून आरशात पाहिलं. तळाच्या बाजूने नुसती एक बारीक जोडाची रेघ दिसत होती. पण आत, जिथे तेल पोचलं नव्हतं, तिथे तपकिरी लाकडाचा चिमूटभर तुकडा होता आणि त्यावर काळे ठिपके. उभा बसवलेला माड.

मी म्हणाले, "ताई, हा तर—"

"टॉर्च खाली कर. डोळ्यांवर येतोय."

मी टॉर्च खाली केला. त्यांनी ते टोकदार हत्यार घेतलं आणि कोपऱ्यात खरवडलं. पापुद्रे निघत गेले, लाल, काळे, पिवळे, इतके की त्या मध्येच थांबल्या. मग सासूकडे वळून विचारलं, रंधा घरात आला कसा?

"आमच्या ह्यांनी आणला बोर्लीच्या बाजारातनं," म्हातारी म्हणाली. "मी नवी नवरी व्हते. ह्या घराची दारं त्यानंच झाली. माझ्या लेकाचा पाळना झाला, नातवाचा झाला. वादळात कौलं गेली, पर दारं न्हाय गेली. किती वर्साचा असंल तो, डॉक्टरीणबाई?"

"जन्म दिघीचा," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, खणखणीत. "करणारा चांगला मेस्त्री होता. तोंडाची दुरुस्ती मात्र वेड्यासारखी केली आहे. कोणी करत नाही तशी. पण टिकली."

"व्हय?" म्हातारीला बरं वाटलं.

नलूवहिनी चहा घेऊन आली. ती म्हणाली, आता इथं सुतारकाम कोण करतंय. खोल्यांत अडगळच होणार. "तुमीच न्या बाई. तुमाला त्यातलं कळतं. आमी दिला म्हनून समजा."

मी ताईंकडे पाहिलं नाही. बघवलं नाही. समोर फणसाच्या फळीवर एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे पाहत राहिले.

"ह्यात कुंकू कुणाचं आहे?" ताईंनी विचारलं.

म्हातारीला प्रश्न विचित्र वाटला असावा. तिने सुपारी खाली ठेवली. "कुनाचं म्हंजे? माझ्या सासूचं. मग माझं. आता हिचं."

"मग झालं," ताई म्हणाल्या. "तो इथलाच. फक्त चिंच लावू नका."

त्या उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी पातं परत बसवलं, पाचर ठोकली, एक डोळा मिटून तळावरून धार किती बाहेर आली ते पाहिलं, पुन्हा एक टिचकी. मग नलूवहिनीला विचारलं, ही फणसाची फळी रंधायचीच आहे ना? वादळात पडलेल्या फणसाच्या त्या फळ्या होत्या, खोल्यांच्या खिडक्यांसाठी. ताईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी रंधा धरला आणि एकदाच, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला. मी त्यांना शेकडो रंधे तपासताना पाहिलं होतं. चालवताना पहिल्यांदाच पाहत होते. तो माड ज्या कामासाठी बसवला होता ते त्याने केलं. ढलपी कुठेही न फाटता, अखंड, पिवळीधमक वर आली आणि गुंडाळत त्यांच्या मनगटावर पडली.

रंधा त्यांनी जोत्यावर ठेवला. ढलपी उचलली.

परत येताना पुढे त्या, मागे मी. वाड्या संपल्या आणि शेतं लागली. लहान असताना बापाच्या पायाशी बसून फणसाच्या ढलप्या कानांवर अडकवायची, सोन्याचे झुबे म्हणून, असं त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. ते मला आठवलं, कारण त्यांच्या उजव्या कानावर, पांढऱ्या केसांखाली, ती पिवळी ढलपी वाऱ्यावर भिरभिरत होती आणि त्या ती काढत नव्हत्या. रस्त्यावरून येणारे-जाणारे बघत होते.

त्यांनी मान न वळवता मला ओरडून सांगितलं, "वाचनालय, घरी पोचलो की आधी दत्तूला फोन लाव. त्याला म्हणावं, माड होता."